जरा जवळ या

आमच्या घरात मंगलाष्टका संपल्या म्हणजे लग्न लागलं असं कुणी मानत नाही. नवराबायकोने स्टुडिओत जाऊन जोडीचा फोटो काढायचा, तो फ्रेम होऊन पुढच्या खोलीतल्या भिंतीवर चढायचा, की मग लागलं. तोवर सगळं कच्चं. नियम आजीने घालून दिलेला. आजी गेल्यावर तो चालवायचा मक्ता मोठ्या आत्याकडे आला. आत्या ऐंशीच्या पुढे आहे. सकाळची गोळी घेतली की नाही हे तिला आठवत नाही, पण घरातल्या कुठल्या जोडीचा फोटो व्हायचा राहिलाय हे ती झोपेतही सांगेल.

धाकट्या पुतण्याचं लग्न होऊन हळदीचे डागही निघाले नव्हते, तेवढ्यात आत्याने विचारलं, "पिंट्याचा फोटो कधी?"

पिंट्या बत्तीस वर्षांचा आहे, पुण्यात एका कंपनीत पंधरा माणसं त्याच्या हाताखाली आहेत आणि ती त्याला सर म्हणतात. पण साताऱ्याच्या घराचा उंबरा ओलांडला की तो पिंट्या.

"आत्याआजी, चार हजार फोटो आहेत," असं म्हणून पिंट्याने लॅपटॉप तिच्या मांडीवर ठेवला.

त्यातले निम्मे लग्नाआधीचे होते. हल्ली लग्न ठरलं की जोडपं आधी डोंगरात जातं. हे दोघं कासच्या तलावावर गेले होते. सूनबाईंच्या अंगात बारा फूट शेपटीचा झगा, ती शेपटी चिखलातून उचलायला दोन चुलत बहिणी, आणि कासचं धुकं त्या दिवशी नेमकं रजेवर, म्हणून नळकांड्यातून सोडलेला जांभळा धूर. आत्या एकेक फोटो निरखत होती.

"ही कुठं बघतेय?"

"डोंगराकडे."

"आणि हा?"

"तो तिच्याकडे."

"मग ती त्याच्याकडे का बघत नाही?"

"आत्याआजी, कँडिड असतं ते."

"भांडण झालेलं दिसतंय," आत्या म्हणाली आणि तिने लॅपटॉप मिटला.

तिचंही खोटं नव्हतं. आमच्या भिंतीवरच्या सगळ्या जोड्या बघणाऱ्याकडे रोखून बघतात, एकमेकांकडे मात्र एकही बघत नाही. पिंट्याच्या चार हजार फोटोंत दोघं डोंगर, ढग, पाणी, कॉफीचा कप असं सगळं बघतात, फक्त बघणाऱ्याकडे बघत नाहीत. भिंतीवर लावलेल्या माणसाने निदान पाहुण्याची दखल घ्यावी, एवढीच आत्याची अपेक्षा होती.

आता ती भिंत. सगळ्यात वर आजोबा-आजी. आजोबा खुर्चीत, आजी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी, आणि दोघांचे चेहरे असे की नुकतीच घरावर जप्ती आली असावी. या चेहऱ्यांना म्हणे शास्त्रीय कारण आहे. फोटोग्राफी आपल्याकडे नवी होती तेव्हा काचेवर फोटो उमटायला काही सेकंद लागत, तेवढा वेळ माणसाने हलायचं नाही, म्हणून मानेमागे लोखंडी चिमटा लावत. हसू इतका वेळ टिकत नाही, कपाळावरची आठी टिकते. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, भाऊ दाजी लाडांचे धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. त्या मंडळींनी चिमट्यात धरलेले चेहरे आपण समजू शकतो. पण आमच्या आजोबांचा फोटो त्यानंतर ऐंशी वर्षांनी निघाला. तोवर कॅमेरा डोळ्याचं पातं लवायच्या आत काम उरकत होता. चिमटा गेला, चेहरा तसाच राहिला. आमच्याकडे तो वंशपरंपरेने चालतो.

पणजीचा फोटोच नाही. फोटो काढला की आयुष्य घटतं अशी त्या काळी समजूत होती. दादासाहेब फाळक्यांना सिनेमा सुचायच्या आधी फोटोचा धंदा करून बघायचा होता, तो बडोद्यात याच समजुतीने बसला असं त्यांच्या चरित्रात सांगतात. मग त्यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. आमच्या पणजीने फोटो काढू दिला नाही आणि ती नव्वदी ओलांडून गेली. त्यामुळे ती समजूत खोटी होती हे आत्याला अजून पटलेलं नाही.

आजोबांच्या खाली काका, मग बाबा, मग दुसरे काका, आणि तिघांच्या अंगात एकच कोट. तो स्टुडिओचा होता. आरशाशेजारी खिळ्याला टांगलेला असायचा, खाली पावडरचा डबा, आणि पळवू नये म्हणून सुतळीने बांधलेला कंगवा. कोट धिप्पाड माणसाच्या मापाचा. बारीक नवऱ्याला मागून कपडे वाळत घालायचे चिमटे लावून तो आवळत, जाड नवऱ्याला मागून उसवलेला तसाच अडकवत. पुढून सगळे बॅरिस्टर. साताऱ्यात कुणाकडेही जा, पुढच्या खोलीत तोच कोट, तोच टाय, आत फक्त नवरा वेगळा. आमच्या बाबांच्या शेजारी आई बसली आहे आणि तिचा डावा हात असा काही वळवलाय की मनगटावरचं घड्याळ दिसावं. घड्याळही स्टुडिओचं. त्यात पावणेदोन वाजलेत. काकूंच्या घड्याळातही पावणेदोनच वाजलेत.

माझा आणि हिचा फोटो १९९१ सालचा. मागे रंगवलेल्या पडद्यावर संगमरवरी जिना, जिन्याच्या वर चंद्र. हिच्या हातात प्लॅस्टिकच्या गुलाबांची परडी, माझ्या कानाला फोन. भारतात मोबाइल आला १९९५ साली. मी त्याच्या चार वर्षं आधी बिनवायरच्या फोनवर बोलत होतो, कारण स्टुडिओतल्या फोनची वायर उंदरांनी खाल्ली होती. लग्नाच्या नव्या बायकोला परडी देऊन मी त्या क्षणी कुणाशी बोलत होतो, हे ही गेली तीसेक वर्षं पाहुण्यांदेखत विचारते.

तर आत्याने फर्मान काढलं आणि एका रविवारी आम्ही निघालो. जोडीचा फोटो असल्यामुळे पिंट्या, सूनबाई, आत्या, वहिनी, ही आणि मी अशी जोडी गाडीत बसली. स्टुडिओ तोच, राजवाड्याजवळचा. जुन्या मालकांचा नातू आता गल्ल्यावर असतो. पुढे झेरॉक्स, लॅमिनेशन, कपावर फोटो छापून मिळेल, पासपोर्ट आठ कॉपी. फोटो काढायची आतली खोली त्याला बऱ्याच दिवसांत लागलेली नसावी, कारण आधी त्याने तिथून कपांची खोकी, गणपतीचं मखर आणि एक सायकल बाहेर काढली.

"कपलचा स्टुडिओत?" त्याने पुन्हा विचारलं. "प्रॉपर बसून?"

"प्रॉपर बसून," आत्या म्हणाली.

खोलीत मागे सपाट हिरवं कापड ताणलेलं होतं. आत्याला ते भकास वाटलं. पोरगा म्हणाला, आजी, काळजी करू नका, आत्ता हिरवं दिसतंय तिथे नंतर कॉम्प्युटरवर पाहिजे ते टाकू. ताजमहाल म्हणा, स्वित्झर्लंड म्हणा. वहिनींना स्वित्झर्लंड आवडलं. फटाफट दोनतीन फोटो निघाले आणि आम्ही सगळे कॉम्प्युटरभोवती जमलो. त्याने एक बटण दाबलं. हिरवं गेलं, बर्फाचे डोंगर आले, पिंट्या डोंगरापुढे छान उभा राहिला.

"सून कुठाय?" आत्याने विचारलं.

सून होती, पण जरा तुटक होती. नव्या नवरीचा शालू हिरवा, चुडा हिरवा. कॉम्प्युटरने हिरवं म्हणून सगळंच उडवलं. ब्लाउज सोनेरी होता म्हणून अब्रू राहिली. चेहरा, गळा, ब्लाउज, दोन हात, मनगटं गायब, मग पुढे हवेत दोन पंजे. निऱ्या असायला हव्या होत्या तिथे एक स्विस गाय चरत होती.

"ताई, साडी बदलता का?" पोराने विचारलं.

"नवी नवरी आहे ती! हिरवं सोडून काय पांढरं नेसवू?" आत्या कडाडली. "तुझ्या आजोबांचा पडदा कुठाय?"

पडदा माळ्यावर होता. तो खाली आला तेव्हा त्याच्याबरोबर एक पाल आणि कित्येक वर्षांची धूळ आली. उलगडला, आणि मला भरून यायच्या आधी शिंका आल्या. तोच संगमरवरी जिना, डावीकडून वर जाणारा, कुठेही न पोचणारा. घडीच्या जागी रंग उडून जिन्याला दोन पायऱ्या कमी झाल्या होत्या. चंद्राच्या जागी उंदराने कुरतडलेलं सरळ भोक होतं. पोरगा डोकेबाज. त्याने मागच्या बाजूने भोकाला झेरॉक्सचा कोरा कागद चिकटवला आणि त्याच्यामागे मोबाइलची बॅटरी लावली. पौर्णिमा झाली.

आता कुणी बसायचं? आजोबांच्या काळात नवरा बसायचा, कारण तो थोर. बाबांच्या काळापासून बायको बसायला लागली. ती थोर झाली म्हणून नाही, बसलं की साडीचा पदर नीट पसरतो म्हणून. वहिनींचं मत पिंट्याने बसावं, कारण सूनबाई त्याच्यापेक्षा दोन बोटं उंच. हे सगळ्यांना माहीत होतं आणि ठरलं तेव्हापासून कुणी तोंडातून काढलं नव्हतं. ते भर स्टुडिओत निघालं. पोराने लगेच एक पाट आणला. पाटावर पिंट्या उभा राहिला तर तो एकदम इतका उंच झाला की सूनबाईंना माहेरी पाठवावं लागलं असतं. पाट काढला. सूनबाई म्हणाल्या, "आम्ही दोघंही बसतो की."

इतका सोपा तोडगा नव्या माणसालाच सुचतो. पण खुर्ची एकच. बाहेर झेरॉक्सच्या रांगेतल्या लोकांसाठी बाकडं होतं, ते आत आणलं. त्यावर सातबाऱ्याचे कागद घेऊन बसलेले एक गृहस्थही बाकड्यामागून आत आले आणि परत गेले नाहीत.

"साहेब, ताई, जरा जवळ या," पोरगा म्हणाला.

दोघं सरकले.

"अजून जरा."

"एवढं नको," आत्या म्हणाली.

"आत्या, लग्न झालंय त्यांचं," वहिनी म्हणाल्या.

"झालंय ना? मग आता घाई कसली? पुढच्या खोलीत लागायचाय फोटो. येणारं-जाणारं बघतं."

आत्याचा मुद्दा तसा जुना आहे. लाला दीनदयाळांनी हैदराबादेत १८९२ साली फक्त बायकांसाठी वेगळा स्टुडिओ काढला होता, तिथे फोटो काढणारीही बाईच ठेवली होती. आत्याला हे कळलं असतं तर तिने पिंट्याचा फोटो साताऱ्यात आणि सूनबाईंचा हैदराबादेत काढला असता. शेवटी तडजोड निघाली. दोघांच्या मध्ये एक वीत. आत्याने स्वतः उठून, अंगठा आणि करंगळी ताणून ती मोजली.

मग हात. आपल्याला दोन हात आहेत हे माणसाला फक्त फोटो काढताना जाणवतं. एरवी ते आपापलं काम करत असतात. पिंट्याने ते मांडीवर ठेवले, तर तो शिक्षा झालेल्या पोरासारखा दिसायला लागला. छातीवर घडी घातली, तर ही म्हणाली, निवडणुकीला उभा राहिलायस का? एक हात सूनबाईंच्या खांद्यामागून न्यावा असं पोराने सुचवलं आणि आत्याकडे बघून स्वतःच मागे घेतलं. सातबाऱ्यावाले गृहस्थ म्हणाले, "एक हात खिशात घाला, एक बाहेर ठेवा. आमच्या जावयाचा तसाच आहे." झब्ब्याचा खिसा बाजूला गुडघ्यापाशी असतो हे त्यांच्या लक्षात आलं नसावं. पिंट्याने बिचाऱ्याने तेही करून बघितलं.

"मान डावीकडे. थोडी. अजून थोडी. जास्त झाली. हां, आता हनुवटी खाली. ताई, तुमची वर. तुमची नाही साहेब, ताईंची. आता नॅचरल हसा."

जगात नॅचरल हसा एवढी अवघड सूचना दुसरी नसेल. माझ्यासकट खोलीतल्या सगळ्यांनीच ओठ ताणले. पिंट्याचे दात दिसले तर आत्या म्हणाली, "दात नको, दात मिट." दात मिटले तर वहिनी म्हणाल्या, "असा का बसलास, पोट दुखतंय का?" सूनबाईंनी पहिल्या क्षणी जे हसू आणलं होतं ते त्यांनी या सगळ्या गदारोळात जपून ठेवलं होतं. पण त्याचा रंग हळूहळू उतरत चालला होता, हे मला लांबूनही दिसत होतं.

त्यात पिंट्याचे डोळे. फ्लॅश उडाला की त्याचे मिटतात. हे माझ्याकडून त्याच्याकडे गेलंय असं ही म्हणते. तीन म्हटल्यावर उघडा, असं ठरलं. पोरगा एक म्हणाला, दोन म्हणाला, सातबाऱ्यावाले मध्येच "तीन!" म्हणाले, पिंट्याने डोळे उघडले, कॅमेरा उडाला नाही, डोळे मिटले, कॅमेरा उडाला. पुढच्या वेळी उघडले ते इतके की भोकातला चंद्र त्यांच्यापुढे लहान वाटला. तेवढ्यात मोबाइलची बॅटरी संपली आणि अमावास्या झाली.

एक फोटो शेवटी जमला. कसा ते कुणालाच कळलं नाही. बहुधा पोराचा हात चुकून लागला असावा.

कॉम्प्युटरवर तो फोटो उघडला आणि मग खरं काम सुरू झालं. पूर्वी टचिंगवाला निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने सुरकुत्या बुजवायचा. एकदा त्याच्या हातात निगेटिव्ह गेली की आपण काय म्हणतो याला अर्थ नव्हता. आमच्या काकूंच्या गालावरचा तीळ त्याने बुजवला आणि काका म्हणे महिनाभर अस्वस्थ होते. आता टचिंग सगळ्यांदेखत होतं, म्हणजे सगळे मिळून करतात.

"जरा उजळ करा," वहिनी म्हणाल्या.

पोराने एक पट्टी सरकवली. दोघंही उजळले. सूनबाई म्हणाल्या, "मी आहे तशी ठेवा," आणि त्यांचं कुणी ऐकलं नाही.

"ह्याचे कान जरा आत घ्या," ही म्हणाली.

कान आत गेले. हनुवटीखालची हनुवटी गेली. पिंट्याला जबडा आला. कपाळावर मागे हटलेले केस दोन बोटं पुढे आले. सातबाऱ्यावाले म्हणाले, मिशी चांगली दिसेल. पोराने मिशी लावून दाखवली. सगळ्यांनी एकमताने ती काढायला लावली आणि पोराने ती काढली, पण तिच्याबरोबर वरचा ओठही थोडा गेला, तो नंतर परत आणावा लागला.

आत्या बराच वेळ स्क्रीनकडे बघत होती. शेवटी तिने चष्मा काढून पुसला.

"हा कोण?"

"आत्या, पिंट्या आहे."

"आपला?"

मग सगळं उलटं. कान बाहेर काढले. केस मागे घेतले. जबडा जाऊन गाल आले. वहिनींनी फक्त एक पुटकुळी परत घेतली नाही, ती लग्नाच्या धावपळीची आहे, खानदानी नाही, असं म्हणाल्या. मूळ फोटो जसा होता तसा परत यायला अर्धा तास गेला, आणि त्याचे पैसे पोराने वेगळे लावले. मी काही म्हणालो नाही. त्याच्या आजोबांनी मला तुटका फोन फुकट दिला होता.

फ्रेम ठरली, साइझ ठरला, बाकीचे पैसे उद्या द्यायचे ठरले. आम्ही उठलो, तेवढ्यात सूनबाईंनी पर्समधून एक कागद काढला. लग्नाच्या नोंदणीला लागणाऱ्या कागदांची यादी होती. त्यांनी हळूच पोराला विचारलं, "दोघांचे वेगवेगळे पासपोर्ट लागणार आहेत. आता परत बसायला नको. ह्यातूनच निघतील का?"

पोराने फोटो मोठा केला. चंद्र, जिना, पायऱ्या सगळं पुसून मागे पांढरं केलं. मग साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरची चौकट आधी पिंट्याच्या तोंडावर ठेवली, मग सूनबाईंच्या, आणि एकदम खूश झाला.

"निघतील की! तुम्ही जवळ बसला नाहीत तेच बरं झालं. एकाच्या फोटोत दुसऱ्याचा खांदा आला असता. मध्ये कापायला बरोब्बर जागा आहे."

आत्या वहिनींकडे वळली. वीत अजून ताणलेलीच होती, ती तिने त्यांच्यासमोर धरली.

"बघ. म्हणून मोजून बसवायचं असतं."

सातबाऱ्यावाले म्हणाले, "आजी, आमच्या जावयाचं तेच तर चुकलं."